शब्दाचं शेपूट

३ मार्च १९९२, मंगळवार

वारा दक्षिणेचा. हवेत धूर. कुरणं जाळायला सुरुवात झाली.

रस्ता खात्यात अठ्ठावीस वर्षं ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवला तेव्हा रोज एक ओळ लिहावी लागायची: हवा, मैल, बिघाड. आता ग्रेडर नाही, मैल फारसे नाहीत, बिघाड मात्र वाढलेत. ओपल म्हणाली, "दिवसभर स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात येरझारा घालतोस. लिहून मोकळा हो, माझी फरशी तरी वाचेल." बायकोचं ऐकलेलं बरं, म्हणून ही वही.

आजचा बिघाड: जिनिव्हा लाबाडी, वय सत्त्याऐंशी.

दोन वर्षांपूर्वी मी जमातीच्या कौन्सिलवर निवडून आलो तो दोन शब्दांवर, जमीन आणि भाषा. अकरा मतांनी. तेव्हापासून एक एकर परत आणलेला नाही, आणि भाषेचं म्हणाल तर माझं मलाच 'हावे' आणि 'वेविना' यांच्यापुढे जाता येत नाही. नमस्कार आणि आभार. मधलं सगळं इंग्रजीत. जमिनीच्या पोटातलं तेल अजून सगळ्या वझाझेंचं, म्हणजे आमच्या आदिवासी जमातीचं, सामाईक आहे, पण वरचं गवत आमच्या वाडवडिलांच्या हातून गेलं. काहींनी विकलं, काहींना फसवलं, काहींचा जीव घेऊन काढून घेतलं. पोट आमचं, पाठ परक्याची. हे दुखणं मी प्रत्येक सभेत सांगतो आणि लोक मान डोलावून कॉफी प्यायला जातात.

ओढ्याच्या वरच्या अंगाला जिनिव्हामावशीची एकशे साठ एकर आहे. सरकारने जमातीची जमीन माणशी वाटली तेव्हा ती दोन वर्षांची होती. तेव्हापासून ती तिच्याच नावावर. त्यात झरा आहे आणि कमळांचं तळं. माझी आजी त्या तळ्यात पायाच्या बोटांनी चिखल चाचपून कमळकाकड्या काढायची. आता टेक्सासच्या एका माणसाला तिथे बदकांच्या शिकारीचा क्लब काढायचा आहे. म्हणजे तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. मावशीचा टल्सातला भाचा रसेल विकून टाक म्हणून मागे लागलाय.

आज मी आणि क्लिफर्ड तिच्याकडे गेलो. क्लिफर्ड कौन्सिलवर चौथ्यांदा आहे, त्याला बोलायचा सराव. जमीन कौन्सिलने विकत घ्यावी, हा ठराव त्याने वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती. वाचून झालं तसं म्हणाली, "इंग्रजीत विकत घ्यायला टेक्सासवाला आहेच की. त्याचं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं आहे."

क्लिफर्ड हसला. ती हसली नाही.

"ही जमीन मला माझ्या बापाने चालून दाखवली. एकेका कोपऱ्यावर उभं राहून सांगितली, आपल्या बोलीत. ज्या बोलीत दिली त्याच बोलीत मागा. एक जूनला मी त्या माणसाला उत्तर देणार आहे."

परतताना गाडीत क्लिफर्ड म्हणाला, "म्हातारी खेळवतेय. अख्ख्या कौन्सिलमध्ये कोण मागणार त्या बोलीत? तू?"

मी हो म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

५ मार्च, गुरुवार

खोकं शोधलं. मॉडीआत्याच्या कॅसेट्स, बारा, जुन्या रिळांवरून नंतर उतरवलेल्या. मॉडीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, सहा वर्षांपूर्वी गेली. एकसष्ट साली विद्यापीठातला एक माणूस उन्हाळाभर तिच्या टेबलाशी यंत्र मांडून बसायचा, तिला बोलायला लावायचा. सोबत टाइप केलेले कागद आहेत, वाक्य आणि त्याचा अर्थ. सोनं सापडलं म्हणायचं.

पण सोन्यात मेख आहे. मॉडीआत्या आणि जिनिव्हामावशी नन्सच्या शाळेत एका बाकावरच्या. तिथे आपली बोली बोललं की तोंड साबणाने धुवायचे, म्हणून या दोघी कपड्यांच्या दोऱ्यांमागे जाऊन बोलायच्या. पुढे रोज सकाळची कॉफी एकत्र, जन्मभर. मग ते यंत्र आलं. जिनिव्हामावशी म्हणाली, "डब्यात घातलेलं डब्यातच राहतं. आपलं बोलणं तू परक्याला विकलंस." आणि उठून गेली ती गेलीच. पंचवीस वर्षं एका गावात, एका चर्चमध्ये, एक डावीकडच्या बाकावर आणि एक उजवीकडच्या. आत्याच्या अंत्यविधीच्या जेवणालाही मावशी आली नाही.

तेव्हा शिकायचं डब्यातूनच, पण डब्याचं नाव काढायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

१७ मार्च, मंगळवार

वारा इतका की गाडीचं दार हातातून सुटलं.

मावशीने मंगळवारी यायची परवानगी दिली आहे. "शिकवणार नाही," म्हणाली. "माझा पंप बिघडलाय, तो बघ." रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून पीठ, कॉफी आणि बीफ नेलं. पंप अर्ध्या तासात झाला. मग तिने तीन तास बसवून ठेवलं. माझं लक्ष सगळं घड्याळाकडे. जूनला अडीच महिने. ती लहानपणचं सांगत होती. "घरात मीना थोरली, मी दुसरी. तिला नवा झगा शिवायचे, मला तिचा उतरलेला. नाव सुद्धा उतरलेलं वाटायचं मला." थोरल्या मुलीला मीना म्हणायचं आणि दुसरीला वीहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी मान हलवत राहिलो. टेबलावर तिने दोन कप मांडले होते. मी कॉफी पीत नाही, रक्तदाब आहे, म्हणून सांगितलं तरी दुसरा कप तसाच भरून ठेवला.

असल्या गप्पांत मंगळवार फुकट जातात. तिला माणूस हवंय पंपाला, दुसरं काय?

७ एप्रिल, मंगळवार

जळलेली कुरणं हिरवी झाली. इतकं हिरवं की डोळ्यांना खरं वाटत नाही.

गाडीत जाता-येता कॅसेट. ती पुन्हा पुन्हा मागे घेतो. कागदावरची वाक्यं जोडून मागणीचं भाषण तयार केलं आहे. अर्थ इथे उतरवून ठेवतो, आत्याने म्हटलं तसा, टोकापर्यंत:

हावे, मावशी. मी आले आहे. मी पॅपिनांच्या घरातली. मी मागायला आले आहे. माझ्यासाठी मागत नाही, मुलांसाठी मागते. पाणी जिथे उगवतं तिथे आपलं माणूस असावं, म्हणून मी उभी आहे.

ओपल कणीक मळता मळता ऐकत होती. म्हणाली, "डोळे मिटले ना, तर मॉडी चुलीपाशी उभी आहे."

एवढं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं. आत्याचा खोकला पण घेतला आहे मी. दोन वाक्यांच्या मधे ती खोकते, तिथे थांबलं की पुढचं बरोबर आठवतं.

१९ एप्रिल, रविवार, ईस्टर

जेवणाआधी प्रार्थना म्हणायला कुणी पुढे होईना. मी उठलो. कॅसेट चारमधली आख्खी प्रार्थना, न अडखळता. "आम्ही जमलो आहोत, मी आभार मानते, मी हात वर करते." शंभर माणसं, चमच्याचा आवाज नाही. म्हाताऱ्या बायकांच्या टेबलावर तिघींनी पदरासारखे रुमाल तोंडाला लावले होते, एकीचे खांदे हलत होते. डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांनी आपली बोली कानावर पडली की माणसाला भरून येणारच. नंतर त्यातली एक जवळ येऊन माझा हात दाबून म्हणाली, "फार गोड बोललास हो." आणि झटकन वळली.

क्लिफर्ड मक्याच्या सुपाच्या भांड्यामागे उभा होता. तोंड कडू.

२५ एप्रिल, शनिवार

बाराव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी तीन वाक्यं आहेत. कागदावर त्यांच्यासमोर विद्यापीठवाल्याने लिहिलंय: असंबद्ध, गाळलं. त्यातला 'वीहे' कळतो, बाकी पत्ता नाही. कुठल्या तरी घरची दुसरी मुलगी. गोष्टीतली असेल. इतक्यांदा ऐकून ती वाक्यंही तोंडात बसलीत. गाडी धुतानाही तीच गुणगुणतो.

५ मे, मंगळवार

रसेल टल्साहून आला होता. कागद घेऊन. ओसरीवर मला बघून म्हणाला, "तुम्ही मावशीला काय पट्टी पढवताय?"

"पंप बघायला येतो," मी म्हणालो.

"दर मंगळवारी बिघडतो?"

मावशी आतून ओरडली, "हो, बिघडतो. मीच बिघडवते."

संध्याकाळी कौन्सिलच्या बैठकीत क्लिफर्डने सगळ्यांसमोर विचारलं, जमिनीचं कुठवर आलं. मी म्हणालो, येतंय. तो म्हणाला, "वेंडेल, तू तिकडे कॉफी प्यायला जातोस आणि टेक्सासवाला वकील घेऊन जातो. पुढच्या निवडणुकीत लोक विचारतील, तू काय आणलंस, पंप?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तासभर अंगणात फिरलो. भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. तळं जाण्याची वाटते. आणि त्याहून, उघडं पडण्याची: भाषा वाचवायला निघालेला माणूस, खिशात बारा कॅसेट्स आणि डोक्यात काही नाही.

१९ मे, मंगळवार

मागितली. जसं झालं तसं लिहितो.

नवं ब्लँकेट नेलं. मोठं काही मागायचं तर ब्लँकेट पुढे ठेवून उभं राहून मागायचं असतं. मावशी टेबलाशी बसली होती, दोन कप समोर. मी टोपी काढली.

"हावे, मावशी. मी आले आहे."

तिचा कप ओठांपाशीच थांबला. मला वाटलं, सुरुवात चांगली झाली.

"मी पॅपिनांच्या घरातली. मी मागायला आले आहे. माझ्यासाठी मागत नाही, मुलांसाठी मागते."

तिने ओठ आत ओढून घेतले. हनुवटी हलायला लागली. ते बघून माझा धागा तुटला. पुढे पाण्याचं वाक्य होतं, ते गेलं. डोकं कोरं. पण तोंडाला कॅसेटची सवय, ते थांबेना. बाराव्या कॅसेटच्या शेवटची ती तीन वाक्यं, वीहेपासून, मधल्या खोकल्यासकट घडाघड बाहेर पडली.

मावशीने कप खाली ठेवला.

"परत बोल."

मी परत बोललो.

"परत."

तिसऱ्यांदा बोललो. ती खिडकीबाहेर बघत होती. मग ती इंग्रजीत म्हणाली, प्रत्येक शब्द मोजून, "वीहे, कॉफी गार झाली. रुसलीस तरी ये. मी दार लावलेलं नाही."

तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"काय बोलतोयस ते ठाऊक होतं तुला?"

"नाही."

"आमच्या घरी मीना थोरली. मग वीहे कोण?"

मला तेव्हा कळलं. दोन महिने तोंडात घोळवत होतो, मार्चमध्ये तिने स्वतः सांगितलं होतं, आणि मी घड्याळ बघत होतो.

"ती हे डब्यात बोलली," मावशी म्हणाली. "दाराशी येऊन बोलायला लाज वाटली तिला. आणि मला जायला."

मी खरं सांगून टाकलं, खोकं, कॅसेट्स, सगळं. ती ऐकते आहे की नाही तेही कळत नव्हतं. मग अचानक ती हसायला लागली. सत्त्याऐंशी वर्षांची बाई टेबलाला धरून हसत होती, अॅप्रनने डोळे पुसत होती.

"आणि तू बायकांसारखा बोलतोस."

"म्हणजे?"

"शब्द बरोबर आहेत, शेपूट बाईचं आहे. प्रत्येक वाक्याच्या टोकाला बाईमाणूस बोलतंय की पुरुष ते लागतं. तू मॉडीचं जसंच्या तसं लावलंस. 'मी आले, मी मागते.' एवढा मोठा ग्रेडर चालवलेला बाप्या."

मला ईस्टर आठवला. रुमाल, हलणारे खांदे, फार गोड बोललास हो. शंभर माणसांसमोर.

"कुणी सांगितलं कसं नाही मला?"

"मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढायची नाही म्हणतात ना आपल्यात. असं न काढता न काढता बोलीच गेली." ती उठली, ब्लँकेटवरून एकदा हात फिरवला, पण उचललं नाही. "पुढच्या मंगळवारी डबा घेऊन ये."

"आणि जमीन?"

"डबा घेऊन ये म्हटलं ना."

संपलं सगळं. ब्लँकेट उचललं नाही म्हणजे नाहीच.

२० मे, बुधवार

ओपलला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मला वाटलं, कौन्सिलवाले असंच बोलत असतील." आणि मग दुपारभर ती मधे मधे भांडी घासता घासता हसत राहिली. मी बाहेर जाऊन कुंपणाचे चार खांब उगाच बदलले.

२६ मे, मंगळवार

कॅसेट लावली. ती खुर्चीत ताठ बसून ऐकत होती, हात मांडीत. खोकल्यापाशी म्हणाली, "सिगारेट. मी हजारदा सांगितलं तिला." तीन वाक्यं झाल्यावर यंत्र खरखरलं. तिने विचारलं, "याच्यात बोलायचं असेल तर?"

मी कोरी कॅसेट घातली. लाल बटण दाखवलं.

"आता बाहेर जा."

ओसरीवर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा हसण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कॅसेट अॅप्रनच्या खिशात होती. "ही तुझ्यासाठी नाही. विद्यापीठासाठी तर नाहीच."

पाच दिवस उरले आणि जमिनीबद्दल अवाक्षर नाही. मी विचारणार होतो, पण तिचा चेहरा बघून राहिलो. निघताना म्हणाली, "शनिवारी गाडी घेऊन ये. वर जाऊ."

क्लिफर्डने फोनवर विचारलं, काय झालं? म्हटलं, कॉफी झाली. आज खरंच प्यायलो, रक्तदाब गेला खड्ड्यात.

३० मे, शनिवार

हवा स्वच्छ. मैल एकोणीस, त्यातले चार कुरणातून.

मावशीला पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर उशी. पहिला कोपरा म्हणजे सपाट खडक. तिने काच खाली केली, बापाने सांगितलं होतं ते सांगितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं.

"शेपूट."

परत म्हटलं. परत "शेपूट." चौथ्यांदा जमलं. दुसऱ्या कोपऱ्यावर तीन ओक होते, आता एकच आहे. तिने तरी तीनच म्हणायला लावले. तिसऱ्यावर ओढा वळतो. तिथे दोनदाच अडवलं. इतक्या वेळा अजून कुणी माझी चूक तोंडावर सांगितली नाही, आणि इतकं बरंही वाटलं नाही कधी.

चौथा कोपरा झऱ्याचा. तिला उतरायचं होतं. हात धरून नेलं. तळ्यात कमळाची पानं नुकती वर आली होती. ती म्हणाली, "आता माग."

टोपी काढली. "मी मागायला आलो आहे," मी म्हणालो. "मुलांसाठी मागतो."

"घे," ती म्हणाली.

मी वाट बघितली.

"एवढंच?"

"मग काय, ढोल वाजवू? चल, पाय भिजले माझे."

गाडी चालवताना मला रस्ता नीट दिसत नव्हता. तिच्या लक्षात आलं असणार.

१ जून, सोमवार

टेक्सासवाल्याला तिने स्वतः फोन केला. रसेलने आधी आरडाओरडा केला, मग म्हणाला, मला कधी कुणी शिकवलं का बोलायला? ती म्हणाली, तू कधी मंगळवारी आलास का? जमातीचे व्यवहार बघणाऱ्या सरकारी एजन्सीत कागदांवर सही झाली. कौन्सिलची रक्कम तिने वाचलीही नाही. क्लिफर्ड बाहेर पेपरवाल्याला सांगत होता, आम्ही पहिल्या दिवसापासून तिच्या बोलीचा मान राखला. राखू दे. तळ्याला कुलूप लागणार नाही.

२ जून, मंगळवार

हवा उबदार, वारा पडलेला. मैल बावीस.

आज जायचं काही कारण नव्हतं. जमीन झाली, पंप ठीक. ओपलने सुपाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "मग कशाला बूट घातलेस?"

तासभर बसलो. इंग्रजी नाही. सोपं सोपं बोललो, हवा, गाडी, तळं. अकरा वेळा अडवलं तिने, सवयीने मी मोजलं. दोन कप होते, माझा मी संपवला. कप माझ्यासाठीच मांडते हे मी इतके दिवस धरून चाललो होतो. आज तिने तिसराही मांडला होता, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

उठलो. दाराशी गेल्यावर वळून, नकळत, तोंडातून निघून गेलं, "येते, मावशी."

जीभ चावली. थांबलो, ती आता शेपूट म्हणणार म्हणून.

ती नाही म्हणाली. तिने तिसऱ्या कपात कॉफी ओतली, कप पलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला, आणि आपल्या बोलीत म्हणाली, "ये. दार लावू नकोस."

मी दार उघडंच ठेवून आलो.